ब्लडप्रेशरचं कडं

आमच्या घरात चुंबकाला बंदी होती. लोकांकडे तिन्हीसांजेला केर काढायचा नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही असले नियम असतात. आमच्याकडे चुंबक उंबऱ्याच्या आत आणायचं नाही हा नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. झाकणाला चुंबक असलेल्या कंपासपेट्या वर्गातल्या सगळ्या मुलींकडे आल्या तरी माझी पेटी दहावीपर्यंत साध्या पत्र्याचीच राहिली. पुढे मी ठाण्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या वर्गाला जाऊ लागले तेव्हा तर अण्णांनी दाराबाहेर एक खिळाच ठोकला. वर्गातून आले की पिशवी त्या खिळ्याला अडकवायची, हात धुवायचे आणि मग घरात. पिशवीत एखाद्या स्पीकरचा तुकडा राहिला असेल तर? "पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची शिवाशीव सोसली," आई हसून म्हणायची, "आणि आता आपल्याच घरात ही नवी शिवाशीव. धम्म घेतला तरी सुटली नाही ती नाहीच." अण्णांना हा विनोद आवडत नसे, पण ते ऐकून घेत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, घड्याळजी होते. कल्याण स्टेशनपासून जरा आत, एका चष्म्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात त्यांचं काचेचं कपाट, हातभर टेबल आणि एक स्टूल होतं. साताऱ्याकडच्या गावातून ते पोरवयात मुंबईला आले आणि भायखळ्याच्या एका पारशी घड्याळजीकडे फडकी धूत धूत काम शिकले. तिथे एकदा त्यांनी खेळायला म्हणून खिशात ठेवलेलं चुंबक गिऱ्हाइकाच्या घड्याळाशेजारी ठेवलं. घड्याळाच्या पोटात केसाहून बारीक स्प्रिंग असते. तिला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड लागल्यासारखं पुढे पळत सुटतं. त्या पारशीबाबाने अण्णांच्या कानाखाली अशी काही वाजवली होती, की तीस वर्षांनी ती गोष्ट सांगतानाही अण्णांचा हात गालाकडे जाई. तेव्हापासून त्यांच्याजवळ रुपयाएवढं होकायंत्र असे. दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ आधी त्या होकायंत्राशेजारी धरायचं. सुई हलली, तर तारेचं वेटोळं असलेल्या एका काळ्या डब्यातून ते घड्याळ सावकाश फिरवायचं. याला ते 'चुंबक उतरवणं' म्हणत. संध्याकाळी होकायंत्र त्यांच्या खिशातून घरी यायचं, आणि माझ्या आठवणीत तरी एक दिवसही ते दुकानात राहिलं नाही.

आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांना दिवसभर एक आवाज होता. दुरुस्त केलेली घड्याळं गिऱ्हाइकाला देण्याआधी अण्णा दोन-तीन दिवस घरी आणून भिंतीवरच्या फळीला टांगत. दहा-पंधरा घड्याळांची ती बारीक टिकटिक स्टोव्हच्या घरघरीत, आईच्या भाकरी थापण्यात आणि नळावरच्या भांडणात मिसळून जायची. आम्हाला ती ऐकूच येत नसे. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना मात्र तिने झोप लागत नसे. अण्णा जेवता जेवता सुकटीच्या चटणीचा घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "तिसरं लंगडतंय." आणि खरोखर सकाळी तिसरं घड्याळ चार मिनिटं मागे असायचं. मला त्यांच्या कानाचा फार अभिमान वाटे आणि थोडा हेवाही. मला तसं कधी ऐकू आलं नाही. आता साठी उलटली, आता तर काय ऐकू येणार!

मग बाजारात सेलवर चालणारी घड्याळं आली. अण्णांनी त्यांना हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं. "त्यात दुरुस्त करण्यासारखं असतं काय? मेलं की टाका," ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत, आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाई. हळूहळू कोपऱ्यावर येणारी माणसं कमी झाली, घरच्या फळीवरचे खिळे मोकळे दिसू लागले. अशातच डोंबिवलीच्या एका कारखान्यातून टाइम ऑफिसातली नोकरी चालून आली. कामगार आत येताना आणि बाहेर जाताना त्यांची हजेरीची कार्डं घड्याळाच्या मशीनमध्ये नीट छापली जातात की नाही, हे बघायचं काम. "घड्याळजीने आता घड्याळाला कार्डं भरवायची," अण्णा म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत. दुकानाचे मालक, चष्मेवाले काका, त्यांना कोपरा हवाच होता. पुढल्याच्या पुढल्या शनिवारी संध्याकाळपर्यंत अण्णांनी कारखान्याला आणि काकांना, दोघांनाही काय ते सांगायचं, असं ठरलं. घरात कुणी याबद्दल मोठ्याने बोलत नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते, कोर्स संपत आला होता, आणि मला त्या कोपऱ्यात बसायचं होतं. लहानपणी डबा घेऊन जायची तेव्हापासून बसायचं होतं. नोकरीचं कळल्यावर एकदा धीर करून मी म्हणाले, "अण्णा, सेलवाली मी करते, तुमची तुम्ही करा. कोपरा नका सोडू." त्यांनी भिंग डोळ्यावरून न काढताच सांगितलं, "तुला रेडिओ येतो सुजाता. घड्याळ नाही येत."

त्याच आठवड्यात बोहारीण आली. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या या बायका तेव्हा चाळीचाळीतून फिरत. आमची ठरलेली बोहारीण दारात बसली की आई कामं टाकून तिच्यासमोर बैठक मारायची आणि एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करायची. त्या दिवशी आईच्या दोन साड्या आणि अण्णांच्या टेरिकॉटच्या दोन पॅंटी यांच्या बदल्यात झाकणाचा एक स्टीलचा डबा जवळजवळ ठरला होता. मी बोहारणीच्या गाठोड्याशी उगाच चाळा करत बसले होते. कपड्यांच्या घडीतून काहीतरी जड हाताला लागलं. स्टीलचं रुंद कडं, मधोमध उशीसारखा फुगीर भाग आणि त्यावर काळीकुट्ट, किंचित लालसर काच. काचेवर काहीच नाही, काटा नाही, आकडा नाही.

"हे काय गं मावशी?"

"ह्ये व्हय? बिलडपेशरचं कडं हाय बाय. ठाण्याच्या एका बंगल्यातनं कोट आला, त्याच्या खिशात व्हतं. सायेब गेला, आता कोन घालतंय?"

ब्लडप्रेशरच्या कड्यांचं तेव्हा फार खूळ होतं. मनगटाला चुंबक बांधलं की रक्तदाब उतरतो अशी समजूत होती, आणि चाळीतल्या दोघातिघांच्या हातात तशी तांब्याची कडी होती. पण त्यातल्या एकालाही काळी काच नव्हती. काच कशाला? मला राहवेना. "आई, डबा नको, हे घेऊया," मी म्हणाले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की बोहारीणही हसली. "हे घालून मी भाकऱ्या थापू?" आई म्हणाली. मग तिने डब्याकडे एकदा पाहिलं, त्याचं झाकण लावून पाहिलं, उघडून पाहिलं, आणि बोहारणीकडे परत सरकवलं. का सरकवलं ते तिने कधी सांगितलं नाही. त्या डब्याची आठवण मात्र तिने पुढे वीस वर्षं काढली.

अण्णा घरी आले तेव्हा मी कडं उंबऱ्याबाहेर ठेवूनच त्यांना दाखवलं. ब्लडप्रेशरचं म्हणजे चुंबकाचं, एवढी अक्कल मला होती. अण्णांनी होकायंत्र काढलं, कड्याजवळ नेलं आणि सुई गर्रकन फिरली. भिंग लावून त्यांनी कड्याची मनगटावर अडकवायची कडी उघडली. कडीच्या आत एका खाचेत काडेपेटीच्या अर्ध्या काडीएवढी धातूची कांडी बसवलेली होती. "हे बघ, औषध," ते म्हणाले. चिमट्याने कांडी उपसून, घरातून न नेता बाहेरून वळसा घालून, त्यांनी ती मागच्या गॅलरीतून लांब भिरकावली, हात धुतले, मग दुसऱ्या दिवशी कडं दुकानात नेऊन काळ्या डब्यातून तीनदा फिरवून आणलं. "आता घाल हवं तर. चुंबक उतरवलंय." काम चोख झाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. आणि काम चोखच झालं होतं.

रविवारी दुपारी मागच्या गॅलरीत तिरपं ऊन येतं त्या वेळी मी ते कडं घेऊन बसले. काच उन्हात वेगवेगळ्या बाजूंनी धरून पाहत होते. एका ठरावीक कोनात ऊन काचेच्या तळापर्यंत गेलं आणि खाली मला फिकट, बारीक रेघा दिसल्या. रेघांचा एक आठ. त्याच्या शेजारी दुसरा आठ. मध्ये दोन टिंबं, मग आणखी दोन आठ. आमच्या वर्गात एक जुना कॅल्क्युलेटर होता, त्याच्या लाल काचेखाली असेच आठ होते. त्यातल्या हव्या तेवढ्या रेघा लाल पेटल्या की आकडा उमटायचा. उलटं करून पाहिलं तर मागे नाण्याने फिरवता येतील अशी दोन गोल झाकणं. सेलची जागा! बाजूला एकच बटण. हे कडं नव्हतंच. हे घड्याळ होतं. बटण दाबल्याशिवाय वेळ न दाखवणारं, दिव्यांच्या आकड्यांचं घड्याळ. अशी घड्याळं निघाली होती आणि लगेच मागे पडली, असं आमचे सर एकदा म्हणाल्याचं मला आठवलं. मी ओरडतच आत गेले.

अण्णांनी ते आधी कानाला लावलं. "जीव नाही यात," म्हणाले. पण मी समजावून सांगितलं तसं त्यांच्यातल्या घड्याळजीला चैन पडेना. आपल्या हत्यारांनी त्यांनी मागचं झाकण असं अलगद उघडलं, की एक ओरखडा उठला नाही. आणि मग बराच वेळ ते भिंगातून नुसते पाहत राहिले. मीही वाकून पाहत होते. एक हिरवट पट्टी, तिच्यावर एक काळा ठिपका, सोनेरी तारा, एक चकचकीत डबी, तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन काचेच्या नळ्या. "चाकच नाही एकही," अण्णा म्हणाले. "मग वेळ मोजतं कोण?"

"ती डबी आहे ना, तिच्यात स्फटिक असतो. सेकंदाला बत्तीस हजार वेळा थरथरतो."

"बत्तीस हजार?" त्यांनी भिंग काढलं. "आपलं घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं सुजाता. पाच." आणि जरा थांबून त्यांनी विचारलं, "दमत नाही?"

हा प्रश्न मला तेव्हा फार गमतीचा वाटला होता. आता वाटत नाही. माझ्या नातीच्या हातातलं घड्याळ तिची पावलंही मोजतं, झोपही मोजतं. ठाण्याला कोलशेतच्या आमच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात खाडीचा वारा खात बसले की मला कधीकधी त्या घड्याळालाच विचारावंसं वाटतं, दमत नाहीस का?

त्या दुपारी अण्णांनी आपण होऊन शब्द दिला. ते म्हणाले, "बंद पडलेलं आहे, आणि मला यातलं कळत नाही. तू चालू कर. बरोबर वेळेला लाव. शनिवारच्या आत केलंस, तर काकांना सांगतो कोपरा सोडत नाही म्हणून, आणि तुझं स्टूल टाकतो." आई आतून म्हणाली, "आणि माझा डबा?" पण आम्ही दोघं हसलो नाही. माझा कोपरा त्या काळ्या काचेखाली होता.

सेलच्या जागेत जुने सेल फुटून हिरवट-पांढरं काहीतरी साचलं होतं. आईच्या टोपलीतलं लिंबू अर्धं चिरून मी काडीला कापूस गुंडाळून त्याच्या रसाने ते पुसत राहिले, मग स्पिरिटने. पत्र्याची एक इवली जीभ गंजून तुटलेली सापडली. ती नवी कापून बसवायला आणि राळ लावून तापत्या सळईने कथलाचा डाग द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. घरभर राळेचा धूर आणि अंबाडीच्या भाजीचा वास असा काही मिसळला, की शेजारच्या काकूंनी काय रांधलंय म्हणून विचारलं. अण्णा मागे उभे राहून माझा हात पाहायचे. एकदाच म्हणाले, "श्वास सोडून मग टेकव." मी श्वास सोडून टेकवलं आणि डाग मोत्यासारखा बसला. त्यात सेल कुठे मिळेनात. शेवटी ठाण्याला एका फोटो स्टुडिओत कॅमेऱ्याचे तसलेच दोन मिळाले.

बुधवारी दुपारी वर्गातून घाईघाईने आले, गॅलरीच्या उजेडात सेल घातले, झाकणं फिरवली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काच काळी ती काळीच. दहादा दाबून झाल्यावर मी ते पाटावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला रडू येत होतं आणि आईला ते दिसू द्यायचं नव्हतं. आईने ते उचललं आणि, पाण्याचे हात लागतील म्हणून, आत फडताळात ठेवायला नेलं. तिचा अंगठा बटणावर पडला असणार.

"अगं सुजे," ती आतल्या अंधारातून ओरडली, "यात लाल काय पेटलंय?"

उन्हात ते आकडे दिसतच नाहीत, ही साधी गोष्ट मला कळली नव्हती. आम्ही दोघी फडताळात डोकी घालून उभ्या होतो. बटण दाबलं की चार लाल आकडे पेटायचे, क्षणभर राहायचे आणि विझायचे. आई पुन्हा पुन्हा दाबून पाहत होती. मग तिनेच हात मागे घेतला. "सारखं विचारू नये बाई, दमेल," ती म्हणाली. अण्णांचा प्रश्न तिच्या लक्षात राहिला होता.

आकडे पेटले, पण घड्याळात वाजले होते सकाळचे पावणेसात आणि बाहेर होते दुपारचे साडेतीन. ते मिनिटामिनिटाने पुढे सरकत होतं, एका सेकंदाची चूक करत नव्हतं, पण वेळ लावायला त्याला काहीच नव्हतं. चावी नाही, दुसरं बटण नाही. पाठीवर फक्त दोन उथळ खळगे होते. त्यांत टाचणी टोचून पाहिली, सळई दाबून पाहिली. तो सपाट धातू होता, दबण्यासारखं काही नव्हतं. शुक्रवारी सकाळी निघताना म्हणाले, "चालतंय ते चांगलंच केलंस. पण चुकीची वेळ दाखवणाऱ्याला आपल्यात दुरुस्त म्हणत नाहीत." ते चिडून बोलले नव्हते. त्यांना वाईट वाटत होतं, आणि त्याने मला जास्त वाईट वाटलं.

त्याच शुक्रवारी वर्गात सर दुसऱ्या बॅचला दाराची घंटा शिकवत होते. त्यांच्या बोटात एक काचेची नळी होती, आत दोन पात्या. जवळ चुंबक नेलं की पात्या एकमेकींना चिकटतात आणि घंटा वाजते, लांब नेलं की सुटतात. हे मी सहा महिन्यांपूर्वी पाहिलेलं, वहीत आकृती काढलेली, दहापैकी नऊ गुण घेतलेले. आणि घड्याळाच्या पोटातल्या त्या तांदळाएवढ्या दोन नळ्या पाहून मला ते आठवलं नव्हतं! एक नळी तासाची, एक मिनिटांची. खळग्यांवर चुंबक धरायचं, की आकडे पुढे सरकणार. म्हणून चावी नव्हती. चावी कड्याच्या कडीत लपवून ठेवलेली होती, आणि ती अण्णांनी गॅलरीतून भिरकावली होती. घड्याळ हरवलं तरच चावी हरवेल, अशी सोय करणाऱ्या त्या दूरदेशीच्या कारागिराला एक गोष्ट माहीत नव्हती. कल्याणात एक घड्याळजी आहे आणि त्याच्या खिशात होकायंत्र आहे.

सरांना विचारून मी एका फुटक्या स्पीकरचं छोटं चुंबक पिशवीत टाकून आणलं. कुठलंही चुंबक चाललं असतं. पिशवी खिळ्याला अडकवली, हात धुतले, घरात आले. अण्णा नसताना बाहेर गॅलरीत दोन मिनिटांचं काम होतं. पण मी ते केलं नाही. चोरून लावलेल्या वेळेवर त्यांच्याकडे स्टूल मागायची मला लाज वाटली. आणि सांगायचं तर कसं सांगायचं? ज्या आठवड्यात त्यांचं दुकान सुटायची वेळ आली होती, त्या आठवड्यात त्यांना म्हणायचं, की तुम्ही घड्याळाची चावीच फेकून दिलीत? आईला सांगितलं. ती म्हणाली, "सांग. त्यांना चुकल्याचा राग येत नाही, लपवलेल्याचा येतो."

शनिवारी अण्णा जेवायला घरी आले. संध्याकाळी काकांना उत्तर द्यायचं होतं. ताटात भाकरी, ठेचा आणि मटकी होती. मी म्हणाले, "अण्णा, ती कांडी औषध नव्हती. ती त्या घड्याळाची चावी होती. चुंबकाने वेळ लागते त्याची." आणि नळ्यांचं सगळं सांगितलं. त्यांचा घास हातात राहिला. फळीवर तेव्हा दोनच घड्याळं होती. त्यांची टिकटिक त्या दिवशी मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आली. "घड्याळाला चुंबकाची चावी?" ते म्हणाले. मी पुढचं वाक्य बोलणार, माझ्याकडे दुसरं आहे म्हणून, तोच ते उठले. हात धुतला, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून होकायंत्र घेतलं आणि अर्धं जेवण टाकून बाहेर पडले.

मला वाटलं, गेले, काकांना कोपरा द्यायला गेले. पण थोड्या वेळाने मागून पोरांचा कलकलाट ऐकू आला म्हणून आम्ही गॅलरीत गेलो. चाळीच्या मागे गटाराच्या कडेने एक पडीक पट्टी होती. तिथे तुटक्या बादल्या, बाटल्यांची बुचं, सळयांचे तुकडे असं सगळं पडलेलं असे. अण्णा पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून तिथे उकिडवे बसले होते. तळहातावर होकायंत्र. ते जमिनीसरसं धरून वीतवीत पुढे सरकत होते. सुई हलली की थांबायचे, बोटांनी माती उकरायचे. एक खिळा निघायचा. पुन्हा पुढे. एक बूच निघायचं. "काय शोधताय अण्णा? सोनं पडलं काय?" खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी विचारलं. "चावी," अण्णा म्हणाले आणि सुईवरची नजर काढली नाही. पोरं त्यांच्यामागे रांग धरून सरकत होती. ज्या यंत्राने ते आयुष्यभर चुंबक लांब ठेवत आले, त्याच यंत्राने ते चुंबक शोधत होते. मला गॅलरीतून ओरडून सांगता आलं असतं, अण्णा, वर या, माझ्या पिशवीत आहे. तोंड उघडलंही होतं. आईने माझ्या दंडाला धरलं. मी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं आणि मला दिसलं, की गेल्या कित्येक महिन्यांत अण्णा एवढ्या उत्सुकतेने कशावर वाकलेले मी पाहिले नव्हते. मी तोंड मिटलं.

तासभर लागला. सुई गर्रकन फिरली तेव्हा वरून आम्हालाही कळलं, कारण त्यांची पाठ ताठ झाली. एका गंजक्या डब्याच्या काठाला ती कांडी चिकटून बसली होती. वर आले तेव्हा पाय चिखलाने भरलेले, एका हाताच्या चिमटीत कांडी, दुसऱ्या तळहातावर होकायंत्र. कांडी त्यांनी लांब, कठड्यावर ठेवली आणि ते दाराशी आले. दारात ते जरा थबकले. होकायंत्राच्या हललेल्या सुईकडे पाहिलं, मग खिळ्यावरच्या माझ्या पिशवीकडे पाहिलं. "पाणी दे पायावर," म्हणाले. मी तांब्या घेऊन धावले.

वेळ बाहेर गॅलरीतच लावली. मी त्यांच्या हातात कांडी दिली, पण त्यांनी ती मला परत दिली. पहिल्या खळग्यावर कांडी धरली आणि ओंजळीच्या अंधारात लाल आकडा सरकू लागला. सात, आठ, नऊ. अण्णांनी माझ्या ओंजळीवर आपली ओंजळ धरली होती. मिनिटं जुळली तशी त्यांनी फळीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली आणि ते इतकंच म्हणाले, "बरोबर." त्या एका शब्दासाठी मी आठ दिवस जळत होते. मी आईकडे पाहिलं, तर ती डोळ्यांना पदर लावून वर म्हणत होती, "राळेचा धूर अजून गेला नाही बाई घरातून."

मग अण्णांनी शर्ट घातला. "चल," म्हणाले, "पिशवी घे." संध्याकाळी दुकानात जाऊन त्यांनी काकांना सांगितलं की कोपरा सोडत नाही, मुलगी बसणार आहे. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आतून एक स्टूल आणून दिलं. अण्णांनी कपाटाचा सगळ्यात खालचा, भिंतीकडचा खण उपसला. जुन्या काचा, पट्टे, मोडके काटे सगळं बाहेर काढून फडक्याने तो पुसला. होकायंत्र आपल्या टेबलावर ठेवलं आणि खण उघडत-मिटत सुई हलते का ते तीन-चारदा पाहिलं. मग रुमालात गुंडाळून आणलेली कांडी माझ्या हातात दिली.

"हा खण तुझा. चुंबक यातच राहील. माझ्या टेबलावर आणायचं नाही."

मी कांडी आत ठेवली. ते आपल्या स्टुलावर बसले, भिंग डोळ्याला लावलं, एक घड्याळ उघडलं आणि वर न पाहता म्हणाले,

"पिशवीतलंही त्यातच ठेव."